मलपृष्ठ कोणी शोधत नाही

मलपृष्ठावरचा मजकूर वाचणाऱ्या माणसाच्या हातात पुस्तक आधीच आलेलं असतं. मुखपृष्ठ त्यानं पाहिलेलं असतं, जाडी अंगठ्यानं जोखलेली असते, नाव आवडलेलं किंवा नावडलेलं असतं. आता त्याला थोडंसं पुढे ढकलायचं, एवढंच काम त्या मजकुराला उरतं. म्हणून तो मजकूर विशेषणांवर चालतो. ‘अंतर्मुख करणारी’, ‘मनाचा ठाव घेणारी’, ‘एका बैठकीत वाचून संपवावी अशी’. असे मजकूर लिहिणं हा माझ्या कामाचा भाग आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण हाच मजकूर जसाच्या तसा उचलून वेबसाइटवर पुस्तकाच्या पानावर चिकटवला, की तो कोणालाच सापडत नाही. शोधपट्टीत ‘अंतर्मुख करणारी कादंबरी’ असं टाइप करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

हातात पुस्तक धरलेल्या माणसाला पटवायचं असतं. शोधपट्टीसमोर बसलेला माणूस मात्र स्वतःच काहीतरी मागत असतो. त्याच्या मागण्यात आपलं पुस्तक बसतं का, एवढाच सवाल असतो. प्रसिद्धीचं काम करणाऱ्या आम्हा मंडळींना बोलायची सवय दांडगी आणि ऐकायची कमी. त्यामुळे ऑनलाइन शोधाची साधनं हाती आली, तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांनी तीही कर्ण्यासारखी वापरायला घेतली. माझं मत दिवसेंदिवस असं होत चाललंय, की ही मुळात कान लावायची साधनं आहेत. विक्री झाली तर त्यातून होते, पण बरीच नंतर.

‘सर्च कन्सोल’ नावाचं गूगलचं एक साधन आहे, फुकट. आपली वेबसाइट आपलीच आहे हे एकदा सिद्ध केलं, की लोकांनी काय टाइप केल्यावर आपलं पान त्यांच्यासमोर आलं, कितीदा आलं, कितव्या क्रमांकावर आलं आणि किती जणांनी त्यावर क्लिक केलं, हे सगळं ते दाखवतं. मागच्या सोळा महिन्यांपर्यंतचं दाखवतं. फार थोड्या लोकांनी विचारलेले प्रश्न मात्र त्यांच्या खासगीपणासाठी झाकून ठेवतं. ते योग्यच आहे, पण सगळ्यात विलक्षण प्रश्न नेमके त्यातच असणार, अशी चुटपुट मला लागून राहते. पुस्तकांच्या धंद्यातली बरीच माणसं या साधनात फक्त आकडे बघतात: दिसण्याचे किती, क्लिकचे किती. मी आधी डावीकडचा रकाना वाचते, लोकांच्या शब्दांचा. इतकी प्रांजळ वाचकपत्रं आणखी कुठे मिळत नाहीत. कारण ती आपल्याला उद्देशून लिहिलेलीच नसतात.

त्या रकान्यात पुस्तकाचं नाव अचूक लिहिणारे असतात, पण बरेच जण ते अर्धवट लिहितात. लेखिकेचं आडनाव बरोबर आणि नाव भलत्याच कोणाचं तरी, हा प्रकार नेहमीचा. कोणी कथानकाचा एखादाच धागा पकडून येतो: दोन बहिणी, एक दीपस्तंभ, शेवटी कोण मरतं ते आठवत नाही. कोणी ‘पीडीएफ फुकट’ असं शेपूट लावून येतो. त्याच्यावर आमच्याकडे सगळे चिडतात, मी मात्र त्याला वाचकांतच मोजते. आणि सगळ्यात जास्त असतात ते पुस्तकाशी काही संबंध नसलेले, निव्वळ प्रश्न घेऊन आलेले. आपलं उत्तर एखाद्या पुस्तकात असेल, हे त्यांच्या गावीही नसतं. पुस्तकाला नवा वाचक मिळायचा तर तो यांच्यातूनच.

हा उद्योग वाटतो तितका नवा नाही. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयासाठी कॅलिमॅकस नावाच्या कवीनं एक प्रचंड सूची केली. ‘पिनाकेस’ हे तिचं नाव, आणि ती एकशेवीस गुंडाळ्यांची होती असं म्हणतात. त्यात लेखक कोण, विषय कोणता याबरोबरच ग्रंथाची पहिली ओळ आणि एकूण ओळींची संख्याही नोंदवलेली असे. मूळ सूची नष्ट झाली, तिचे तुकडे आणि इतरांनी केलेले उल्लेख उरले. मला त्यातली पहिल्या ओळीची नोंद फार आवडते. एकाच नावाचे दोन ग्रंथ असले तर त्यांतला नेमका हवा तो कसा ओळखायचा, हा प्रश्न त्या काळीही पडलेला होता, आणि एका कवीनं तो व्यवहारी माणसासारखा सोडवला होता.

आज त्या सूचीच्या जागी मेटाडेटा आहे, म्हणजे पुस्तकाविषयी नोंदवलेली माहिती. हा शब्द निघाला की लेखकांचे डोळे मिटायला लागतात, म्हणून मी तो चहाच्या आधी काढते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तक ओळखायचा क्रमांक, हा त्याचा कणा. १९७० मध्ये दहा अंकी क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक झाला, १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी आहे. पुठ्ठा बांधणीचा वेगळा, साध्या बांधणीचा वेगळा, ई-बुकचा वेगळा, हे अनेकांना ठाऊक नसतं. मग त्याच क्रमांकावर दोन रूपं चढवली जातात आणि दुकानाचं संगणकी पान गोंधळून जातं. विषयासाठी ‘थीमा’सारखी वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, २०१३ पासूनची. लेखकाच्या ओळखीसाठी आयएसएनआय हा सोळा अंकी क्रमांक आहे, कारण एकाच नावाचे दोन लेखक असतात आणि एकाच लेखकाची तीन नावंही असतात. एका ठिकाणी आद्याक्षरं, दुसरीकडे पूर्ण नाव, तिसरीकडे टोपणनाव. माणसाला हे तिन्ही एकच आहेत हे कळतं; यंत्राला कोणीतरी सांगावं लागतं. आणि माहितीच्या मूळ फाइलमध्ये एक अक्षर चुकलं, तर ते तिथून ज्या ज्या दुकानात, ग्रंथालयात आणि शोधयंत्रात जातं, तिथे तिथे वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. समारंभ, फ्लेक्स, फुलांचे गुच्छ या सगळ्याच्या आधी ही फाइल एकदा मोठ्यानं वाचावी, असं माझं म्हणणं असतं. ते फारसं कोणी मनावर घेत नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या आवडीची. गूगलचा जन्मच एका ग्रंथालयाच्या प्रकल्पातून झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठात डिजिटल ग्रंथालयाचं संशोधन चाललं होतं; त्यातल्या कामातून लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांची ‘पेजरँक’ची कल्पना पुढे आली. एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांनी बोट दाखवलंय, यावरून त्याचं वजन ठरवायचं. शास्त्रीय निबंधांमध्ये कोणी कोणाचा दाखला दिला हे मोजण्याची रीत तर त्याहून जुनी. यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानातल्या अशा दाखल्यांची सूचीच छापायला सुरुवात केली होती. म्हणजे तळटीप लिहिणाऱ्या संशोधकांची सवय उचलून जगातलं सगळ्यात मोठं शोधयंत्र उभं राहिलं. आज क्रम ठरवायला इतर असंख्य गोष्टी विचारात घेतल्या जातात, पण दाखल्याचं महत्त्व संपलेलं नाही. त्यामुळे एखाद्या जाणकारानं लिहिलेलं परीक्षण आणि त्यातून पुस्तकाच्या पानाला दिलेला दुवा, एखाद्या ग्रंथालयाच्या वाचनयादीतला उल्लेख, लेखकाच्या मुलाखतीखाली दिलेलं पुस्तकाचं नाव, हे सगळं शोधाच्या दृष्टीनंही मोलाचं ठरतं. पैसे मोजून असे दुवे विकत घेता येतात. ते गूगलच्या नियमांविरुद्ध आहे, आणि नियम नसता तरी मी घेतले नसते. खोट्या परीक्षणाइतकंच ते मला ओशाळवाणं वाटतं.

आता त्या प्रश्न घेऊन येणाऱ्या लोकांकडे वळते. एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी झाडांच्या शरीरक्रियेवर सामान्य वाचकासाठी पुस्तक लिहिलं. नेटकं, प्रेमानं लिहिलेलं. पण ‘वनस्पतींची शरीरक्रिया’ असं शोधणारे म्हणजे परीक्षेला बसलेली मुलं. त्यांना नोट्स हव्या असतात. मी शोधपट्टीत ‘झाडाची पानं’ एवढंच टाइप केलं, आणि पुढचं तिनंच पुरवलं: पिवळी का पडतात, गळतात का, करपतात का. शोधपट्टी सुचवते ते बरंचसं खऱ्या शोधांवरून येत असतं. मी सरांना फोन लावला.

“सर, पिवळ्या पानांवर एक लेख लिहाल का?”

“ताई, मी प्रकाशसंश्लेषणावर चाळीस पानं लिहिली आहेत. पिवळी पानं त्यात एका परिच्छेदात आहेत.”

“वाचक त्या परिच्छेदाच्या दारानंच येणार आहे, सर.”

ते काही क्षण गप्प राहिले, मग त्यांनी लिहिला. आणि काय लिहिला! जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राकडे बघा, कारण नत्र कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवतं; कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी होत असतील तर लोहाकडे बघा, कारण लोह झाडाला असं सहज हलवता येत नाही. आणि या दोन्हीच्या आधी कुंडीतल्या मातीत बोट घालून बघा, पाणी जास्त होतंय का. प्रश्नाचं पूर्ण उत्तर. ‘अधिक माहितीसाठी पुस्तक विकत घ्या’ असं अर्ध्यावर तोडलेलं काही नाही. खाली पुस्तकाचं नाव, दोन ओळी. हा लेख शोधात वर यायला बराच काळ गेला. या कामात घाईला जागाच नाही. पण नंतर त्या पुस्तकाच्या पानावर येणाऱ्या प्रश्नांची जातच बदलली. लोक सरांच्या नावानं शोधत यायला लागले.

बरेच जण अर्थातच लेख वाचून, कुंडीत बोट घालून, निघून गेले. जाऊ देत.

या ‘जाऊ देत’वर आमच्या धंद्यात मोठी लढाई होऊन गेली आहे, आणि तिच्यातले बारकावे मला कादंबरीपेक्षा रंजक वाटतात. अ‍ॅमेझॉननं ऑक्टोबर २००३ मध्ये पुस्तकाच्या आत शोधायची सोय सुरू केली, सुमारे एक लाख वीस हजार पुस्तकांनिशी. पुढच्याच वर्षी गूगलनं प्रकाशकांसाठी तसाच कार्यक्रम आणला, आणि डिसेंबर २००४ मध्ये हार्वर्ड, स्टॅनफर्ड, मिशिगन, ऑक्सफर्ड आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांच्या कपाटांतली पुस्तकं स्कॅन करण्याचं जाहीर केलं. परवानगीचा प्रश्न आला. २००५ मध्ये अमेरिकेतली लेखकांची संघटना आणि प्रकाशक कोर्टात गेले. मध्ये तडजोडीचा एक मोठा करार झाला, तो न्यायालयानं २०११ मध्ये फेटाळला. २०१३ मध्ये खालच्या न्यायालयानं आणि २०१५ मध्ये वरच्या न्यायालयानं निकाल दिला, की हा रास्त वापर आहे, म्हणजे त्याला लेखकाची परवानगी लागत नाही. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला आणि विषय मिटला.

२०१५ च्या त्या निकालात एक तपशील आहे, जो प्रत्येक प्रकाशकानं वाचावा. गूगल पानाचे आठ तुकडे करतं. एखादा शब्द शोधला तर एका पुस्तकातून जास्तीत जास्त तीन तुकडे दाखवतं. प्रत्येक पानावरचा किमान एक तुकडा आणि दर दहा पानांतलं एक अख्खं पान कायमचं झाकून ठेवतं. आणि शब्दकोश, पाककृतींची पुस्तकं, छोट्या कवितांचे संग्रह यांचा एकही तुकडा दाखवत नाही. का? कारण अशा पुस्तकांत एका तुकड्यावरच शोधणाऱ्याचं काम भागण्याची शक्यता असते.

मी हा तपशील माझ्या कामाची कसोटी म्हणून वापरते. ‘आतली पानं दाखवली तर लोक फुकट वाचून मोकळे होतील’ ही भीती बैठकीत निघाली, की मी विचारते: एका तुकड्यात भागेल असं हे पुस्तक आहे का? कोश असेल तर भीती खरी आहे. दोनशे पानांचं आत्मचरित्र असेल तर तिला काही अर्थ नाही. गूगलच्या प्रकाशकांसाठीच्या कार्यक्रमात किमान वीस टक्के पुस्तक चाळू द्यावं लागतं, पुढे किती वाढवायचं ते प्रकाशकानं ठरवायचं. आमच्यातले बहुतेक वीसवर थांबतात आणि तेही हात आखडून. एखाद्या पुस्तकाला वीस टक्के दाखवणं जिवावर येत असेल, तर त्या पुस्तकाच्या उरलेल्या ऐंशी टक्क्यांबद्दल मला शंका येऊ लागते. हे मी बैठकीत बोलत नाही, इथे लिहिते.

एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक, पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. तिसरा नियम: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. आमचं सगळं काम तिसऱ्या नियमाचं आहे, आणि शोधयंत्र नोकरी करतं चौथ्याची. जिथे दोन्ही एकाच दिशेला जातात तिथे आमची चांदी. पण वाचकाचा वेळ सगळ्यात जास्त वाचतो तो पुस्तक न वाचता उत्तर मिळालं तर, आणि तिथे हे दोन नियम एकमेकांसमोर उभे ठाकतात. रंगनाथन यांना असा प्रसंग अभिप्रेत होता की नाही, कोण जाणे. ग्रंथपालाला विक्रीची चिंता नव्हती, एवढं खरं.

आता तुम्ही विचाराल, झाडांचं ठीक आहे, कादंबरीचं काय? इथे मी जरा निराश आहे, आणि या विषयावरची उत्साही व्याख्यानं ऐकून अधिकच होते. ज्याचं उत्तर एक कादंबरी आहे, असा प्रश्न कोणी शोधपट्टीत विचारत नाही. कवितेचं तर नावच नको. तहान नसलेल्याला शोधयंत्र पाणी दाखवू शकत नाही. ललित पुस्तकाची ओढ दुसरीकडे कुठेतरी लागते: मैत्रिणीच्या बोलण्यात, एखाद्या कार्यक्रमात, कोणीतरी वाचून दाखवलेल्या पानात. शोधाचं काम त्यानंतर सुरू होतं. ऐकलेलं नाव अर्धवट लक्षात ठेवून, संध्याकाळी घरी आल्यावर, ती व्यक्ती टाइप करते. त्या क्षणी तिला योग्य पान दिसावं, लेखकाचं नाव बरोबर असावं, पुस्तक मिळतं की नाही हे स्पष्ट कळावं, एवढंच आपल्या हातात. निघालेल्या माणसाला वाटेत हरवू न देणं. कादंबरीपुरता ऑनलाइन शोधाचा उपयोग मी यापेक्षा जास्त मानत नाही, आणि हा उपयोग कमी आहे असंही मानत नाही.

यातूनच शीर्षकाचं भांडण निघतं. ‘पाऊस’, ‘घर’, ‘वाट’ अशी रोजच्या बोलण्यातल्या एका शब्दाची नावं कवींना प्रिय. शोधात ती बुडतात. हवामानाचे अंदाज, घरांच्या जाहिराती आणि गाण्यांच्या ओळी त्यांच्यावर बसलेल्या असतात. कोणीतरी मग सुचवतं की नाव बदला. मी या सूचनेच्या ठाम विरोधात आहे. पुस्तकाचं नाव लेखकाचं असतं, ते यंत्राच्या सोयीनं ठेवायचं नाही. उपशीर्षक आहे, लेखकाचं नाव आहे, पानावरचं वर्णन आहे. ही ओझी त्यांनी वाहावीत. उलट टोकाला गेलेलीही मंडळी आहेत. ऑनलाइन दुकानांत इंग्रजी रहस्यकथांची उपशीर्षकं बघा: ‘श्वास रोखून धरायला लावणारी, शेवटी धक्का देणारी, थरारक’ वगैरे. ते उपशीर्षक नव्हे, शोधशब्दांचं गाठोडं आहे. अ‍ॅमेझॉनवर स्वतः ई-बुक प्रकाशित करणाऱ्याला शोधशब्दांसाठी सात वेगळे रकाने दिलेले असतात. तिथे दुसऱ्या लेखकांची नावं किंवा ‘सर्वोत्तम’सारखे दावे घालायला मनाई आहे. तरी गाठोडं शीर्षकात येतंच. गूगलनं तर २००९ मध्येच जाहीर केलं होतं, की पानामागे लपवलेली कीवर्डची यादी क्रम ठरवताना आम्ही विचारात घेत नाही. तरीही ‘आमचे कीवर्ड टाकले का?’ असा निरोप मला अधूनमधून येतो.

देवनागरीत लिहिणाऱ्यांची एक जास्तीची अडचण आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतलं अक्षर यंत्राला ओळखता यावं यासाठीची सामाईक पद्धत, १९९१ पासून आहे, पण आपली कितीतरी पुस्तकं त्यानंतरही जुन्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. डोळ्याला मराठी दिसतं. यंत्राला मात्र ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. अशा पुस्तकाची पीडीएफ चढवली तर तिच्यातलं एक वाक्य शोधात सापडणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं, मग ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासणं, हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. शिवाय पुष्कळ वाचक मराठी पुस्तक शोधतात ते रोमन अक्षरांत टाइप करून, प्रत्येक जण आपापल्या स्पेलिंगनं. म्हणून पुस्तकाच्या पानावर नाव दोन्ही लिप्यांत देते. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या आमच्या एका संपादकांना ते खुपतं. त्यांच्यासाठी मी ते पानाच्या अगदी तळाशी ठेवलंय.

जाहिरातींबद्दल थोडक्यात. शोधनिकालांवरच्या जाहिरातींचे पैसे दर क्लिकमागे जातात, आणि एका पुस्तकामागे प्रकाशकाला सुटतं ते इतकं थोडं, की हिशोब बहुधा जमत नाही. एका वाचकाला एकच पुस्तक विकायचं असेल तर नाहीच. मालिका असेल, पाठोपाठ चार पुस्तकं घेतली जाणार असतील, तर विचार करावा. गूगल ट्रेंड्स मात्र मी सारखं उघडते. त्यातला आलेख शून्य ते शंभर असतो आणि शंभर म्हणजे त्या काळातला सर्वोच्च बिंदू, लोकांची संख्या नव्हे. हे न समजता त्यावरून छापायच्या प्रती ठरवणारेही मी पाहिलेत. एखाद्या विषयाची चौकशी वर्षातल्या कोणत्या महिन्यांत वाढते, एवढं कळायला ते पुरेसं आहे.

अलीकडे या सगळ्याखालची जमीनच हलते आहे. शोधलं की दुव्यांच्या आधी यंत्रानं रचलेलं उत्तर येतं. पिवळ्या पानांचं उत्तर आता सरांच्या लेखापर्यंत न पोचताही मिळतं, आणि त्यात सरांचंच नत्र आणि सरांचंच लोह असू शकतं. वाचकाचा वेळ वाचवण्याचा चौथा नियम इतक्या निष्ठेनं पाळला जाईल, असं कोणाला वाटलं नसेल. पुस्तकं सुचवण्याचं कामही लोक आता या यंत्रांना सांगतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेत ‘शिकागो सन-टाइम्स’च्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पंधरा पुस्तकांची यादी छापून आली. त्यातली दहा पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, नामवंत; पुस्तकं यंत्रानं रचलेली, कथासूत्रासकट. ती यादी वाचून कितीतरी जणांनी ती पुस्तकं शोधली असतील, दुकानांत विचारली असतील. मला हसू आलं आणि मग हेवा वाटला. न लिहिलेल्या पुस्तकांची वर्णनं आमच्या कित्येक लिहिलेल्या पुस्तकांपेक्षा स्पष्ट होती: विषय काय, गोष्ट कुठे घडते, कोणाची आहे, सगळं दोन वाक्यांत.

तेव्हापासून मी पुस्तकाच्या पानावरचं वर्णन वेगळ्या तऱ्हेनं लिहिते. गोष्ट कोणत्या काळातली, कोणत्या माणसांची, पानं किती, आधी काही वाचलेलं असायला हवं का, सूची आहे का, चित्रं आहेत का. विशेषणं मलपृष्ठापुरती. आणि शेवटी एक ओळ, हे पुस्तक कोणासाठी नाही याची. ‘बागकामाचं वेळापत्रक हवं असेल तर ते या पुस्तकात नाही’, अशी. लेखकांना ती ओळ आवडत नाही. प्राध्यापकसरांनाही आवडली नव्हती. गिऱ्हाईक दारातून परत पाठवता, म्हणाले. मी त्यांना त्या पानावर वेळापत्रक शोधत येणाऱ्यांचे प्रश्न वाचून दाखवले. मग त्यांनी विचारलं, पुढच्या आवृत्तीत वेळापत्रक घातलं तर? त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे. माझं म्हणणं, घालू नका.